हातांची स्वच्छता आणि रुग्णालयजन्य संसर्गाचे नियंत्रण

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता विभागांत जुलै २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळात दाखल झालेल्या १३,५३० बालकांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के बालकांना रक्तातील जंतुसंसर्ग, म्हणजेच सेप्सिस, झाल्याचे त्यात आढळले. या संसर्गाच्या घटनांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश घटना जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतील होत्या. संसर्गास कारणीभूत ठरलेल्या जिवाणूंमध्ये ॲसिनेटोबॅक्टर (२२ टक्के) आणि क्लेबसिएला (१७ टक्के) हे आघाडीवर होते आणि त्यांतील बहुसंख्य जिवाणू एकाहून अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

हे निष्कर्ष बारकाईने वाचावयास हवेत. जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत होणारा संसर्ग मुख्यतः मातेकडून येतो, असे पाठ्यपुस्तकांत शिकविले जाते. येथे मात्र रुग्णालयाच्या वातावरणात वाढणारे जिवाणू बालकापर्यंत इतक्या लवकर पोहोचले होते. प्रसूतिकक्षातील आणि नवजात कक्षातील अस्वच्छतेकडे हा थेट निर्देश आहे. हे जिवाणू स्वतःहून एका पाळण्यातून दुसऱ्या पाळण्यात जात नाहीत. त्यांना नेणारी वाहने अनेक आहेत. उपकरणे, द्रावणे, पृष्ठभाग ही त्यांपैकीच होत. परंतु त्या सर्वांना परस्परांशी जोडणारा दुवा म्हणजे कर्मचाऱ्यांचे हात.

संकल्पना आणि व्याप्ती

रुग्णालयात दाखल होताना रुग्णाच्या शरीरात नसलेला व सुप्तावस्थेतही नसलेला, सर्वसाधारणपणे दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर प्रकट होणारा संसर्ग म्हणजे रुग्णालयजन्य संसर्ग होय. शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग, लघवीच्या नळीमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, शिरेत घातलेल्या नळीमुळे होणारा रक्ताचा संसर्ग आणि कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचा न्यूमोनिया हे त्याचे चार प्रमुख प्रकार मानले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी उच्च उत्पन्न गटातील देशांत ७, तर अल्प व मध्यम उत्पन्न गटातील देशांत १५ रुग्णांना असा किमान एक संसर्ग होतो. संसर्ग झालेल्या दर दहा रुग्णांपैकी सरासरी एक रुग्ण दगावतो.

हातांवरून होणाऱ्या संक्रमणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या जातात. जिवाणू रुग्णाच्या त्वचेवर किंवा त्याच्या परिसरातील वस्तूंवर असतात. ते कर्मचाऱ्याच्या हातावर येतात. तेथे काही मिनिटे तरी जिवंत राहतात. हात स्वच्छ केला जात नाही किंवा अपुरा केला जातो. आणि तोच हात दुसऱ्या रुग्णाला लागतो. माणसाच्या त्वचेवरून दररोज सुमारे दहा लाख सूक्ष्म पापुद्रे गळतात आणि त्यांच्याबरोबर जिवाणूही पसरतात. त्यामुळे रुग्णाला न शिवता केवळ त्याच्या खाटेचा कठडा, चादर किंवा सलाईनचा स्टँड हाताळला तरी हात दूषित होतो. ॲसिनेटोबॅक्टरसारखा जिवाणू तर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस तग धरतो.

त्वचेवरील जिवाणूंचे दोन वर्ग लक्षात ठेवावेत. निवासी जिवाणू त्वचेच्या खोल थरांत राहतात व सहसा उपद्रव देत नाहीत. तात्पुरते जिवाणू वरच्या थरावर येऊन बसतात आणि रुग्णालयजन्य संसर्ग बहुतांशी त्यांच्यामुळेच होतो. हे दुसऱ्या वर्गातील जिवाणू वरवर बसलेले असल्यामुळेच हात धुण्यासारख्या साध्या उपायाने ते काढून टाकता येतात.

व्हिएन्ना ते जिनिव्हा

या विषयाचा इतिहास इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरपासून सांगण्याची प्रथा आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुईणी प्रशिक्षण घेत. १८४६ साली पहिल्या विभागात ११.४ टक्के माता दगावल्या. दुसऱ्या विभागात हेच प्रमाण २.८ टक्के होते. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतिकक्षात येत, सुईणी तेथे जात नसत. शवविच्छेदनाच्या वेळी झालेल्या जखमेमुळे एका सहकारी प्राध्यापकाचा मार्च १८४७ मध्ये मृत्यू झाला आणि त्याच्या शरीरात सूतिकाज्वराने दगावलेल्या स्त्रियांसारखेच बदल दिसले, तेव्हा सेमेलवाइसला कारण उमगले. मे १८४७ पासून त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली दोन्ही विभागांतील मृत्युदर जवळपास सारखा, म्हणजे १.३ टक्क्यांच्या आसपास आला.

सेमेलवाइसची कथा बहुधा उपेक्षित संशोधकाची शोकांतिका म्हणून सांगितली जाते आणि ती खोटीही नाही. १८६५ साली मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. परंतु सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकाने त्यातून दुसऱ्या दोन गोष्टी टिपाव्यात. एक म्हणजे, जंतुसिद्धांत प्रस्थापित होण्यापूर्वी केवळ दोन विभागांच्या आकडेवारीच्या तुलनेतून त्याने कारणाचा माग काढला. दुसरी गोष्ट अशी की, त्याचा उपाय सक्तीवर उभा होता आणि ते द्रावण हातांची आग करणारे होते. सक्ती करणारा माणूस गेल्यावर केवळ त्याच्या धाकावर चाललेली शिस्त किती दिवस टिकते, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक रुग्णालयासमोर आहे.

त्या प्रश्नाचे सर्वांत अभ्यासपूर्ण उत्तर दीडशे वर्षांनी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात मिळाले. तेथे डिडिए पिते यांच्या गटाने १९९४ साली हात स्वच्छ करावयास हवेत अशा २,८०० हून अधिक प्रसंगांचे निरीक्षण केले. त्यांपैकी ४८ टक्के प्रसंगीच हात स्वच्छ केले गेले होते. परिचारिकांचे प्रमाण ५२ टक्के, तर डॉक्टरांचे ३० टक्के होते. ज्या अतिदक्षता विभागात संसर्गाचा धोका सर्वाधिक, तेथेच हे प्रमाण सर्वांत कमी म्हणजे ३६ टक्के भरले. कामाचा ताण जितका अधिक, तितके हात धुणे कमी, असा स्पष्ट संबंध दिसला. हे कर्मचारी प्रशिक्षित होते, हात का धुवावेत हे त्यांना ठाऊक होते आणि पाण्याची टंचाईही नव्हती.

म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती, वेळेची होती. याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. एखाद्या परिचारिकेस तासाभरात हात स्वच्छ करण्याचे १५ प्रसंग येतात असे धरू. साबण व पाण्याने योग्य रीतीने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. बेसिनपर्यंत जाणे-येणे धरून दीड मिनिट. तासातील साडेबावीस मिनिटे केवळ हात धुण्यात जातील. जो नियम पाळला तर काम होणार नाही, तो नियम मोडला जाणारच. याउलट खाटेजवळ ठेवलेले अल्कोहोलयुक्त द्रावण, ज्याला रुग्णालयात ‘हँडरब’ म्हणतात, हातांवर चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात आणि ते चालता-बोलताही करता येते.

जिनिव्हात नेमके हेच करण्यात आले. प्रत्येक खाटेजवळ हँडरबची बाटली ठेवली, खिशात मावतील अशा बाटल्या दिल्या, भित्तिपत्रके लावली, निरीक्षणाचे निष्कर्ष त्या त्या विभागाला कळविले आणि रुग्णालयाच्या वरिष्ठ व्यवस्थापनाने या कार्यक्रमाला उघड पाठिंबा दिला. १९९७ पर्यंत अनुपालन ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १९९४ मधील १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर आले. साबणाने हात धुण्याचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. वाढ झाली ती हँडरबच्या वापरात. आणखी एक तपशील सहसा गाळला जातो, तो असा की, परिचारिका व साहाय्यक कर्मचारी यांच्यात लक्षणीय सुधारणा झाली, डॉक्टर मात्र जवळपास होते तेथेच राहिले. हे निरीक्षण आपल्याकडील अधिष्ठात्यांनी व विभागप्रमुखांनी आवर्जून वाचावे असे आहे. राउंडच्या वेळी वरिष्ठ डॉक्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे हात न चोळता गेले, तर मागून येणारे निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी तेच शिकतात.

पाच क्षण

जिनिव्हाच्या अनुभवाच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली रुग्णसुरक्षेचे पहिले जागतिक आव्हान म्हणून हा विषय हाती घेतला आणि २००९ साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षापासून ५ मे हा दिवस हातांच्या स्वच्छतेसाठी पाळला जातो. या तत्त्वांचा गाभा म्हणजे हात स्वच्छ करण्याचे ‘पाच क्षण’: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी घालणे अशा निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त, लघवी, पू आदींशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. पहिले दोन क्षण रुग्णाच्या संरक्षणासाठी, तर उरलेले तीन मुख्यतः कर्मचाऱ्याच्या व इतर रुग्णांच्या संरक्षणासाठी आहेत. माणसाला स्वतःच्या हाताला घाण लागली की तो धुवावासा वाटतो. दुसऱ्याला घाण लागू नये म्हणून धुण्याची उर्मी तितकी उपजत नसते. म्हणूनच रुग्णाच्या हिताचे पहिले दोन क्षण चुकण्याची शक्यता अधिक असते आणि प्रशिक्षणाचा भर तेथेच असावयास हवा.

हँडरबविषयी काही शास्त्रीय बाबी. अल्कोहोल जिवाणूंच्या प्रथिनांची रचना मोडते आणि या क्रियेसाठी पाण्याचा अंश आवश्यक असतो. त्यामुळे शुद्ध अल्कोहोलपेक्षा ६० ते ८० टक्क्यांचे द्रावण अधिक परिणामकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार हँडरबमध्ये ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते, द्रावणातील बीजाणू नष्ट करण्यासाठी अल्प हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्वचा कोरडी पडू नये म्हणून १.४५ टक्के ग्लिसरॉल असते. सेमेलवाइसच्या द्रावणात जे नव्हते ते हे ग्लिसरॉल! मात्र हँडरब सर्वत्र चालत नाही. हात दिसण्याइतपत मळलेले असतील, रक्त लागले असेल किंवा अतिसार घडविणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या बीजाणुधारक जिवाणूचा संशय असेल, तर साबण आणि पाणी यांना पर्याय नाही. बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही, ते धुऊनच काढावे लागतात.

हातमोजे हा हात स्वच्छ करण्याला पर्याय नव्हे, हे वेगळे सांगावे लागते. एकच जोडी घालून चार रुग्ण हाताळणारा कर्मचारी स्वतः सुरक्षित राहतो, रुग्ण मात्र उघडे पडतात. मोजे काढतानाही हात दूषित होऊ शकतात, म्हणून मोजे घालण्यापूर्वी व काढल्यानंतर हात स्वच्छ करणे आवश्यक आहे.

भारतीय रुग्णालयांचे वास्तव

जिनिव्हाचा नमुना जसाच्या तसा आपल्याकडे उचलता येत नाही. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत खाटांपेक्षा रुग्ण अधिक असतात. काही ठिकाणी दोन खाटांमध्ये जमिनीवर गादी टाकून रुग्ण ठेवावा लागतो. एका परिचारिकेकडे रात्रपाळीत संपूर्ण वॉर्ड असणे हेही अपवादात्मक नाही. ‘खाटेजवळ हँडरब’ हे सूत्र येथे लागू करावयाचे तर आधी खाट कोणती, हेच ठरवावे लागते. बेसिन असले तरी नळाला पाणी असेलच असे नाही. नळ हाताने फिरवून बंद करावा लागतो, त्यामुळे धुतलेला हात पुन्हा मळतो. साबणाची वडी पाण्यात भिजत पडलेली असते. आणि बेसिनशेजारी टांगलेला सामाईक टॉवेल तर दिवसभर सर्वांचे जिवाणू सर्वांना वाटत असतो. कोपराने उघडता येणारे नळ, जाळीच्या साबणदाण्या आणि एकदाच वापरावयाचे पुसणे या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंना म्हणूनच महत्त्व आहे. द्रवरूप साबणाची अर्धी रिकामी बाटली वरून भरत राहणे ही सवयही घातक आहे. बाटली धुऊन, वाळवूनच पुन्हा भरावी.

दुसरा विशेष म्हणजे नातेवाईक. आपल्याकडे रुग्णाला भरविणे, कूस बदलणे, भांडे देणे ही कामे मोठ्या प्रमाणावर घरची माणसे करतात. नातेवाईक शेजारच्या रुग्णालाही आपुलकीने हातभार लावतात. माणुसकीच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची, संसर्गाच्या दृष्टीने जोखमीची. त्यांना बाहेर काढणे हा उपाय व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. नवजात बालकांच्या संदर्भात केंद्र सरकारने २०१७ साली कुटुंब-सहभागी परिचर्येची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत मातापित्यांना हात धुण्यापासून बाळाच्या काळजीपर्यंतचे प्रशिक्षण देऊन कक्षात सामावून घेण्याची पद्धत स्वीकारली आहे. प्रौढांच्या वॉर्डांतही हा विचार नेण्यासारखा आहे.

अंगठ्या, बांगड्या, मनगटातील दोरे, वाढलेली नखे यांखाली जिवाणू टिकून राहतात आणि हात मनगटापर्यंत स्वच्छ करता येत नाही. ‘कोपराखाली हात मोकळे’ हा नियम कागदावर सोपा आहे. राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात किंवा नवविवाहित परिचारिकेच्या बाबतीत तो पाळून घेणे हे प्रभारी सिस्टरच्या कौशल्याचे काम आहे. तेथे परिपत्रकापेक्षा समजावणी उपयोगी पडते. शिवाय सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय आणि क्ष-किरण तंत्रज्ञ यांना प्रशिक्षणातून वगळले जाते, हाही एक दोष. कंत्राटी कर्मचारी वारंवार बदलत असल्याने एकदा दिलेले प्रशिक्षण पुरत नाही.

धोरणात्मक चौकट

सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत (नोंद ६) येतात; त्यामुळे केंद्राची भूमिका मुख्यतः मानके, निधी आणि प्रोत्साहन यांची आहे. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांच्या आठ क्षेत्रांपैकी संसर्ग नियंत्रण हे एक आहे. १५ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेत शासकीय रुग्णालयांचे स्वच्छता व संसर्ग नियंत्रणाच्या निकषांवर मूल्यमापन होते. राज्यातील सर्वोत्कृष्ट जिल्हा रुग्णालयास ५० लाख रुपयांचे पारितोषिक योजनेत ठेवण्यात आले. प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धच्या २०१७ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात संसर्ग प्रतिबंधास स्वतंत्र स्थान मिळाले, तर जानेवारी २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने संसर्ग प्रतिबंध व नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रतिजैविकांशी असलेला हा संबंध परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे: न झालेल्या संसर्गासाठी प्रतिजैविक द्यावे लागत नाही आणि प्रतिरोधक जिवाणूचा प्रसारही थांबतो.

कोविड-१९ च्या साथीने हँडरब घराघरांत पोहोचविला. मार्च २०२० मध्ये केंद्राने सॅनिटायझरचा अत्यावश्यक वस्तूंत काही काळ समावेश केला आणि साखर कारखान्यांच्या व इतर आसवन्यांना उत्पादनाचे परवाने दिले गेले. महाराष्ट्रासह साखर उत्पादक राज्यांत कच्च्या मालाची वानवा नाही, हे त्यातून सिद्ध झाले. आफ्रिकेतील माली या देशात बामाको येथील रुग्णालयाने साथीच्या कितीतरी आधीच उसापासूनच्या इथेनॉलचा हँडरब स्थानिक पातळीवर तयार केला होता. तेथील अनुपालन ८ टक्क्यांवरून २१.८ टक्क्यांवर गेले. ही वाढ मोठी आहे, पण पाचपैकी चार प्रसंग तरीही चुकतच होते. बाटली उपलब्ध करून देणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे.

मोजमापाचा प्रश्न

पुरस्कार आणि मानांकन आले की आकडा चांगला दिसण्याची ओढही येते. प्रत्यक्ष निरीक्षण ही अनुपालन मोजण्याची मान्य पद्धत आहे, परंतु कोणी वही घेऊन उभे आहे हे दिसताच माणूस हात चोळू लागतो. व्यवस्थापनशास्त्रात हा ‘हॉथॉर्न परिणाम’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाने ९५ टक्के अनुपालन कळविले, तर अभिनंदनापूर्वी निरीक्षण कोणी, कोणत्या पाळीत आणि किती प्रसंगांचे केले, हे विचारावे. रात्रपाळीतील ५० टक्के हा प्रामाणिक आकडा सकाळच्या ९५ टक्क्यांपेक्षा अधिक उपयोगी असतो. निष्कर्ष कोणाला शिक्षा करण्यासाठी वापरला जाणार असेल, तर खरा आकडा कधीच वर येणार नाही.

यावर एक साधी, स्वस्त उलटतपासणी उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यमापन आराखड्यात दर १,००० रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर हँडरबचा वापर हा निकष दिला आहे. २०० खाटांचे, पूर्ण भरलेले जिल्हा रुग्णालय घेतले, तर महिन्याचे ६,००० रुग्णदिवस होतात आणि या निकषाने महिन्याला १२० लिटर हँडरब लागावयास हवा. रुग्णालयाच्या भांडाराच्या नोंदवहीत महिन्याला २५ लिटर खर्ची पडलेले दिसत असतील, तर दर्शनी भागातील फलकावर अनुपालनाची कोणतीही टक्केवारी लिहिलेली असो, खाटांजवळच्या बाटल्या एक तर रिकाम्या आहेत किंवा भरलेल्याच राहिल्या आहेत. त्यांपैकी नेमके काय घडते आहे, हे पाहण्यासाठी संसर्ग नियंत्रण परिचारिकेला रोज वॉर्डांतून फेरी मारण्याइतका मोकळा वेळ असावा लागतो. दर २५० खाटांमागे किमान एक पूर्णवेळ प्रशिक्षित व्यक्ती असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनेक रुग्णालयांत हे पद दुसऱ्या कामाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपविले जाते.